शिळेवरची मोकळी ओळ

१

दफनभूमीतल्या काळ्या शिळेवरचं एक नाव कुणीतरी खरवडून काढलं, हे सगळ्यांत आधी कळलं तिथल्या माळ्याला; आणि माळ्याला कळलं म्हणजे गावात वेगळी दवंडी पिटायची गरज उरत नाही. मी औषधाच्या दुकानाचं शटर अर्धवट वर ढकललं होतं, तेवढ्यात हा धापा टाकत समोर उभा. "शिळा नासवली हो," एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला.

शिळा म्हणजे काय ते आमच्याकडे तान्ह्या पोराला विचारा, पण तुम्हाला सांगायला हवं. डोंगराच्या अंगावर आमचं हे गाव, गावाच्या पोटात खाण. खाणीशिवाय इथे दुसरं काही नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी कामगारांनी संप केला, तोही रस्त्यावर घोषणा देत नव्हे, तर खाणीतच ठाण मांडून. शेवटी एका संध्याकाळी सगळ्यांनी खाणीच्या मोठ्या तोंडातून एकदम बाहेर पडायचं आणि कंपनीच्या कचेरीवर जायचं ठरलं. बेत गुप्त होता. तरीही त्या तोंडाशी कंपनीचे बंदूकवाले आधीपासून दबा धरून बसले होते. गोळीबारात जवळची सुरुंगाच्या दारूची कोठी उडाली. जी प्रेतं हाती लागली ती आईनेसुद्धा ओळखली नसती. सगळ्यांना एकाच लांब खड्ड्यात ठेवलं, वर शिळा उभी केली, आणि कोण घरी परतलं नाही ते दारोदार विचारून तिच्यावर नावं कोरली. जितकी प्रेतं तितकी नावं भरली, हिशोब चोख जुळला.

बेत फोडला कुणी, याचाही निकाल गावाने तेव्हाच लावून टाकला. सुरुंग लावणारा एक कामगार त्या दिवशी जो नाहीसा झाला तो कायमचा. प्रेतांत त्याच्यासाठी जागा नव्हती, म्हणजे तो जिवंत. आणि जिवंत असून परतला नाही, म्हणजे फितूर. त्याच्यामागे बायको राहिली आणि पाळण्यातली मुलगी. बायको केव्हाच वारली. मुलगी आमच्या दवाखान्यात नर्स आहे. गाव तिच्याकडून इंजेक्शन घेतं, टाके घालून घेतं, बाळंतपणं करून घेतं, आणि दाराबाहेर पडलं की तिला फितुराची पोर म्हणतं.

त्यामुळे शिळेपाशी पोहोचलो तेव्हा लोकांनी गुन्हेगार ठरवलेला होता, फक्त तिला बोलवायचं बाकी होतं. गेलेलं नाव होतं मुकादमाच्या वडिलांचं. मुकादम म्हणजे खाणीतल्या एका पाळीचा प्रमुख, अंगाने धिप्पाड आणि आवाजाने त्याहून. बापाचं तोंड त्याने पाहिलेलं नाही, हे नाव तेवढा त्याचा बाप. त्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवून तो उभा होता. "तिचंच काम," तो म्हणाला. "तिच्या बापाचं नाव इथे नाही, म्हणून माझ्या बापाचं पुसलं."

युनियनचे अध्यक्ष काठी टेकत पुढे आले. दवाखाना युनियनचा, नर्सची खोली युनियनची. रविवारी सभा घ्यायची आणि तिच्यावरचा आरोप खरा ठरला तर तिला गावातून काढायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. एवढ्या गर्दीत माझ्या बायकोचे थोरले भाऊ मात्र गुडघ्यांवर बसून शिळा हुंगल्यासारखी पाहत होते. दादा निवृत्त फौजदार. विश्रांतीसाठी म्हणून आमच्याकडे आलेले, आणि त्या विश्रांतीत माझी बिस्किटांची बरणी आणि शेजाऱ्यांची भांडणं दोन्ही उघडून पाहिलेले.

"जावईबापू," ते हळूच मला म्हणाले, "ज्याने हे केलं, त्याचा या शिळेवर फार जीव आहे."

२

"जीव आहे म्हणून छिन्नी चालवली?" घरी परतताना मी विचारलं.

"राग असता तर घाव घातला असता. हातोड्याचा एक दणका, काम फत्ते. इथे बारीक बारीक ठोके आहेत, धीराने घातलेले. शेजारच्या ओळींवर एक ओरखडा नाही. का? तर त्यांच्यावर आधी चिकटपट्टी लावली होती. कडेला तुकडा राहिलाय." त्यांनी खिशातून तो तुकडा काढला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तुमच्या दुकानातली?"

"एवढी रुंद मी ठेवत नाही. ही दवाखान्यातली."

"बरं. खालची ओळ आहे, म्हणजे बसून काम केलंय. आणि नाव काढून झाल्यावर ती जागा घासून गुळगुळीत केली आहे. हे सगळ्यांत महत्त्वाचं. ज्याला नुसतं पुसायचं असतं तो घासत बसत नाही. ती जागा तयार केली आहे, दुसरं नाव कोरायला."

हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण फौजदारी आवाज तो, मागून येणाऱ्या माळ्याने सगळं ऐकलं. दुपारपर्यंत गावभर झालं: चिकटपट्टी दवाखान्यातली आणि बाईला तिथे आपल्या बापाचं नाव घालायचंय, हे खुद्द फौजदारांनी शोधून काढलं. दादांचं तोंड पाहण्यासारखं झालं. निरपराध बाईच्या गळ्याभोवती आपणच दोर आवळला, हे त्यांना लागलं. रात्रीचं जेवण त्यांनी पहिल्यांदाच अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सबाई कपाट आवरत होत्या. इतक्या शांतपणे, की त्या जाण्याची तयारी करताहेत हे कळायला मला वेळ लागला.

"मी नाही केलं," आम्ही काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या. "बाबांचं नाव तिथे हवंय, हे मात्र खरं. नाही कशाला म्हणू? पण दुसऱ्याला उठवून त्यांना बसवायचं, हे मला नको होतं. शिळेवर खाली हातभर जागा रिकामी आहे की."

"चिकटपट्टी?"

"निम्म्या गावाला देते. कुणाचा गुडघा, कुणाच्या टाचा. आठवून नावं घ्यायला लागले तर तुम्ही त्यांच्या मागे लागाल. मी कुणाचंही नाव घेणार नाही."  मग आपणहून म्हणाल्या, "मला काढलं तर काढू दे. नोकरी मिळेल कुठेही. पण मी गेले की बाबा फितूर होते ते कायमचं. त्यांच्या बाजूने बोलणारं मग इथे कुणी उरणारच नाही. आई बोलायची, ती गेली."

"काय बोलायची?"

"की बाबा त्या दुपारी पहारा चुकवून मला बघायला घरी आले, आणि परत खाणीत गेले. अध्यक्ष म्हणतात, तिनेच त्यांना सांगितलं, नवरा शहरात गेला म्हणून. आई मरेपर्यंत म्हणत होती, शहराचं नावसुद्धा मी तोंडातून काढलं नाही."

बाहेर पडल्यावर दादा फाटकाशी थांबून म्हणाले, "दोघांपैकी एक खोटं बोलतंय, जावईबापू. आणि मला वाटतंय की दोघंही खरं बोलताहेत."

३

तिथून मुकादमाचं घर. दार उघडलं त्याच्या बायकोने. हात पिठाचे, कपाळावर घाम.

"मुकादम आहेत का?" दादांनी विचारलं.

"नाहीत. ते वर गेले मघाशीच."

दादांनी झटक्यात डोक्यावरची टोपी काढली. चेहरा उतरला. "अरेरे! काय सांगता? काल तर धडधाकट होते. असं अचानक कसं झालं?"

बाई गोंधळली. "अचानक कसलं? रोजच जातात."

"रोज?"

"पाळी संपली की जातातच की."

मला हसू आवरेना. दादांना मी बाजूला घेऊन समजावलं. आमच्या गावात खाली म्हणजे खाण आणि वर म्हणजे खाणीबाहेरचं सगळं जग. पुरुष खालून बोलतात, अमका सुटला, वर गेला. ते ऐकून ऐकून बायकाही तसंच बोलायला लागल्या. बोलणारी स्वतः वरच बसलेली असो, चुलीपुढे असो, माणूस खाणीतून सुटला की तो 'वर गेला'. मी इथे दुकान टाकलं तेव्हा पहिल्या महिन्यात दोनदा सांत्वनाला जाऊन आलो होतो.

तेवढ्यात मागून खुद्द मुकादमच आला, हातात पावाची पिशवी. "काय झालं?" बायकोने हसत हसत सांगितलं. एरवी सदा कपाळाला आठ्या असलेला तो माणूस, पण तोसुद्धा हसला. "फौजदार, खांदा द्यायलाच आला होतात वाटतं!" अंगणात खेळणारी त्याची पोरंही खिदळली. दादा स्वतःही हसले, आणि मला वाटलं, चला, दोन दिवसांचा ताण जरा सैल झाला.

आतल्या खोलीत मुकादमाची आई बसली होती. गाव तिला खुर्चीच्या काकू म्हणतं, कारण दर वर्षी शिळेपाशी सभा होते तेव्हा हुतात्म्याची विधवा म्हणून तिच्यासाठी पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवलेली असते. बाकी सगळे उभे. तरुणपणी ती खाणीलगत, दगड फोडून निवडायच्या आवारात कामाला होती. आता सत्तरी उलटलेली, पण हाताची बोटं अजून जाड आणि सरळ. पायाला चिकटपट्टी होती, पण त्यात काय, निम्म्या गावाच्या पायाला असते.

दादांनी तिला नमस्कार करून दोनच प्रश्न विचारले. कुणावर संशय? कुणावरच नाही. नर्सबाई? "ती नाही," काकू पटकन म्हणाली. मुकादम चिडला, "आई, तू मध्ये बोलू नकोस." ती लगेच जमिनीकडे बघायला लागली.

रस्त्यावर आल्यावर मी परत त्या टोपीवरून दादांना चिडवायला लागलो. त्यांचं लक्ष नव्हतं.

"मघाशी सगळे हसले," ते म्हणाले. "पोरं हसली, सून हसली, बापाचं नाव पुसलेला मुकादमसुद्धा हसला. मला आतली खोली दिसत होती. काकूने तोंडावर पदर दाबून धरला होता, आणि ती हसत नव्हती."

४

अध्यक्षांचा जन्म खाणीतला नव्हे. ते शहरात शिकले आणि तरुणपणी, संप सुरू झाल्यावर, मदतीला म्हणून या डोंगरावर आले. गोळीबार झाला तेव्हा त्यांना इथे येऊन महिनाही झाला नव्हता. मग इथलेच झाले. त्यांच्या मागे बोलणारे पुष्कळ, पण हा माणूस खोटा नाही, हे त्यांचे विरोधकही कबूल करतात. युनियनच्या कचेरीत ते एकटेच बसले होते. चहा मागवला.

"प्रेतं ओळखू येत नव्हती," दादा म्हणाले. "मग नावं ठरवली कुणी?"

"मी." त्यात अभिमान होता, आणि तो गैर नव्हता. "दुसरं कोण होतं? शहाणी माणसं अटकेत, उरलेली भेदरलेली. मी एकटा दारोदार फिरलो. कुणाचा माणूस आला नाही, एवढंच विचारायचं आणि पुढे जायचं. त्या दिवसानंतर मी कधी धड झोपलो नाही."

"सुरुंगवाल्याच्या घरी?"

"गेलो होतो. पोर मांडीवर होती. बायकोने स्वतः सांगितलं, नवरा शहरात गेला."

"शहरात, हा शब्द तिचा?"

"म्हणजे काय? तिचाच. ती म्हणाली..." अध्यक्ष आठवायला लागले. आठवणीतलं शब्दशः सांगायची त्यांना सवय होती, भाषणं करणारा माणूस. "म्हणाली, 'ते खाली गेले.' खाली म्हणजे शहरच ना. डोंगराखाली शहर, मी तिथूनच आलो होतो, मला..."

ते थांबले.

  भिंतीपलीकडे पाळी बदलल्याचा भोंगा झाला आणि माणसांच्या बुटांचा आवाज रस्त्यावरून जायला लागला.

"तुम्ही इथे नवे होता," दादा म्हणाले. "मीही काल नवा होतो, म्हणून कळलं. आता खुर्चीच्या काकूंचं सांगा. तुम्ही विचारलंत, तेव्हा ती काय म्हणाली?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांना उत्तर द्यायचं नव्हतं, आणि टाळायचंही नव्हतं. "पोटुशी होती," ते म्हणाले. "आवारात दगडांच्या ढिगापाशी उभी होती. डोळ्यांत पाणी नाही. मला वाटलं, केवढं धैर्य या बाईचं! पुढे कितीतरी भाषणांत मी ते सांगितलंय. फौजदार, ती म्हणाली होती, 'ते वर गेले.'"

"आणि तुम्ही त्याला हुतात्मा केलंत."

"एकाला हुतात्मा केलं," अध्यक्ष म्हणाले, "आणि दुसऱ्याला फितूर. पुढे मी इथली भाषा शिकलो. रोज बोलतो. पण तोवर शिळा कोरून झाली होती. कोरलेलं कोण परत तपासतं हो?"

चहा तसाच राहिला. मला वाटलं होतं की दादा आता विजयी चेहऱ्याने उठतील. ते उठलेच नाहीत. त्या म्हाताऱ्याच्या हातावर हात ठेवून बसून राहिले.

५

शनिवारी मुकादम पाळीवर असताना आम्ही गेलो. सून बाजारात होती. काकू मागच्या अंगणात सावलीत एक पाय दुमडून बसली होती. दगड फोडणाऱ्या बायका असंच बसतात. शिळेसमोरचं गवतही असंच एका बाजूला दबलेलं होतं, ते दादांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, पण मला सांगितलं नव्हतं. एकदा सांगून अद्दल घडली होती ना.

"काकू," दादा म्हणाले, "तुमचे मालक खरे कधी वारले?"

ती दचकली नाही. कुणीतरी कधीतरी विचारावं म्हणून ती इतकी वर्षं थांबल्यासारखी होती.

"या हिवाळ्यात. दुसऱ्या खाणीवर होते, लांब, दुसऱ्या नावाने. मालगाडीवरच्या एका माणसाने निरोप आणला. नीट वारले म्हणे, झोपेत." मग म्हणाली, "बसा की. उभे का?"

आम्ही बसलो. तिने सांगितलं ते तिच्याच चालीने, मागचं पुढे करत. तिचे दिवस भरत आले होते. नवऱ्याला खालून यायचं होतं. मागच्या छोट्या तोंडावर कंपनीचा पहारेकरी. त्याने सोडण्याआधी विचारलं, बाकीचे कधी निघणार? याने सांगून टाकलं. "विकलं नाही हो त्यांनी काही. एक दमडी घेतली नाही. बायकोचे दिवस भरलेत, सोड, एवढंच त्यांच्या डोक्यात. वर आले, मला भेटले, आणि तेवढ्यात मोठ्या तोंडाकडून आवाज सुरू झाले. कळलं त्यांना, आपण काय केलं ते. तसेच पळत सुटले."

"तेव्हाच अध्यक्ष आले?"

"दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, ते वर गेले. म्हणजे सुटले, नाहीत त्यांच्यात. तर हा पोरगा माझ्या पायाच पडला. मग सभेत नाव वाचलं. मला वाटलं, पळताना गोळी लागली असेल, याला माझ्याआधी कळलं असेल. खरं रडले मी. बाळंत झाले ती विधवा म्हणून. पोर रांगायला लागल्यावर ते एकदा आवारात आले, लपून. म्हणाले, मी जिवंत आहे असं सांगितलंस तर विचारतील, सुटला कसा? मला मारतील, पोराला फितुराचा पोर म्हणतील. तू बोलू नकोस. मी नाही बोलले."

"पण सुरुंगवाल्याची बायको..."

"दोन घरं सोडून राहायची." काकूने डोळे मिटले. "पाण्यावर तिला मागे सारायचे. पोरीला दगड मारायचे. मी सगळं बघितलं. वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. पोरगा मोठा झाला. शिळेपाशी जाऊन बापाशी बोलायचा. कसं सांगू? मग म्हटलं, ते गेल्यावर. ते आता गेले. म्हणून मी पहाटे जाऊन बसले. माझ्याच हाताने काढलं. शेजारच्यांना लागू नये म्हणून पट्टी लावली, तिनेच दिली होती टाचेला. मला वाटलं, जागा मोकळी दिसली की कुणीतरी विचारेल, इथे कोण हवं? तिच्यावरच येईल, हे नाही आलं हो माझ्या डोक्यात. मी तिच्यासाठी गेले आणि तिलाच अडकवून बसले."

दादांनी तिला उद्याच्या सभेबद्दल सांगितलं. ती बोलली नाही, तर नर्सबाईंना गाव सोडावं लागेल. हवं तर आपण बोलू, असंही ते म्हणाले.

"तुमच्या तोंडून माझा पोरगा ऐकेल?" तिने विचारलं. "मारायला उठेल तुम्हाला." आणि मग बराच वेळ ती दाराकडे बघत राहिली, जिथून तो पाळीवरून येणार होता.

६

सभा शिळेपाशीच भरली. पहिल्या रांगेत खुर्ची होती. काकू आली, पण बसली नाही. नर्सबाई एका कडेला पेटी घेऊन उभ्या होत्या. सभा संपल्यावर थेट गाडी गाठायची, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

अध्यक्षांनी बोलायला तोंड उघडलं, तर काकूच म्हणाली, "थांबा. मी काढलं नाव. माझ्या नवऱ्याचं होतं, मी काढलं."

तिला भाषण येत नव्हतं. सांगताना दोनदा ती चुकली, एकदा नुसतीच उभी राहिली. पण 'वर गेले' आणि 'खाली गेले' हे शब्द तिने उच्चारले तेव्हा पुढचं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. ते शब्द सगळ्यांच्या रोजच्या तोंडातले. म्हाताऱ्या माणसांनी माना खाली घातल्या. इतकी वर्षं ज्या चुकीवर त्यांनी एका घराला वाळीत टाकलं, ती चूक त्यांच्यापैकी कुणीही एका वाक्यात दुरुस्त करू शकला असता, जर कुणी त्या बाईला नीट विचारलं असतं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक त्यांची. मग ते नर्सबाईंपुढे हात जोडून उभे राहिले. त्या म्हणाल्या, "आईला सांगायला हवं होतं तुम्ही." तेवढंच.

मुकादम आईकडे बघत होता. मला वाटलं, ओरडेल. तो वळून फाटकाबाहेर गेला, आणि त्या रात्री त्याने दुहेरी पाळी मागून घेतली. अजून तो आईशी बोलत नाही. जेवणाचं ताट तेवढं तिच्यासमोर स्वतः आणून ठेवतो.

त्या मोकळ्या ओळीत सुरुंगवाल्याचं नाव कोरलं गेलं. पाथरवटाने ते शेजारच्या नावांपेक्षा जरा खोल कोरलं, कुणी सांगितलं नसताना. दादा आपल्या घरी परत गेले. जाताना मी त्यांना म्हटलं, तुमच्यामुळे एक नोकरी वाचली. ते म्हणाले, "चाळीस वर्षं उशीर झाला, जावईबापू. याला शोध लावणं म्हणत नाहीत." त्यांनी माझी बिस्किटांची बरणी भरून ठेवली होती, हे मला नंतर दिसलं.

पंधराएक दिवसांनी मी औषधांचं खोकं घेऊन दवाखान्यात गेलो. रांगेत काकू होती. तिच्या आजूबाजूचे लोक जरा सरकून उभे होते, पूर्वी नर्सबाईंपासून सरकायचे तसे. तिची पाळी आली. नर्सबाईंनी तिला बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, रक्तदाब पाहिला. हात नेहमीसारखाच हलका. मी कपाटापाशी बाटल्या लावत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"काकू, तुम्ही दोन घरं सोडून राहायचात," नर्सबाई म्हणाल्या. "बाबांना रोज बघितलं असेल. कसे होते ते? आईकडे फोटो नव्हता. आणि दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती. दिसायला कसे होते? आवाज कसा होता?"

काकूने तोंड उघडलं. तिला काहीतरी द्यायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मनातल्या मनात ती सगळीकडे शोधत होती.

"नाही गं आठवत," शेवटी ती म्हणाली. "तुझ्या आईकडे बघितलं की तो डोळ्यांपुढे यायचा. येऊ नये म्हणून फार झटले मी. वर्षानुवर्षं. मग यायचा थांबला."

 नर्सबाईंनी तिच्या दंडाचा पट्टा सोडला, तिला हात धरून उठवलं, आणि दारातल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.